पोट भरलं, पण ताट रिकामंच!

घरापासून लांब राहून शिकणाऱ्यांना महिन्याच्या पैशांचा हिशेब तोंडपाठ असतो. रूमचं भाडं किती, मेसचे किती, रिचार्ज कधी संपतोय, सगळं माहीत असतं. पण त्यातल्या खाण्याच्या पैशांत आपल्या शरीराला नेमकं काय मिळतं, हा हिशेब कुणी शिकवलेला नसतो. तो शिकायची वेळ माझ्यावर आली, त्याची ही गोष्ट.

कॉलेजमध्ये रक्तदान शिबिर होतं. एनएसएसचे टी-शर्ट घालून आम्ही सात जण रांगेत उभे. पहिल्यांदाच रक्त देणार म्हणून जाम उत्साह. स्टेटसला कोणता फोटो टाकायचा तेही ठरलं होतं. माझा नंबर आला. टेबलामागच्या ताईंनी बोटाला सुई टोचली, थेंब घेतला, मशीनकडे बघितलं आणि विचारलं, "सकाळी काय खाल्लंस?"

"चहा-बिस्कीट."

"आणि काल रात्री?"

"पाणीपुरी."

मला वाटलं ताई हसतील. त्या हसल्या नाहीत. "नऊ पॉइंट चार आहे. रक्त द्यायला साडेबारा लागतं. डॉक्टरांना दाखव आधी."

सात जणांपैकी चार जण त्या दिवशी टेबलावरूनच परत फिरलो. चौघांत एक मुलगाही होता, रोज जिमला जाणारा. म्हणजे आम्ही उपाशी होतो का? अजिबात नाही. दिवसभर काही ना काही तोंडात चालूच असायचं. तेच तर कोडं होतं.

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं, "तू एकटी नाहीस गं." ते खरंच होतं. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 54 टक्के अॅनिमिक निघाल्या होत्या. देशाचा आकडा 57 टक्के. म्हणजे लेक्चरला शेजारी बसलेल्या दोघींपैकी एकीला दम लागतोय, चक्कर येतेय, दुपारी डोळे मिटतायत, आणि ती समजतेय की आपल्याला अभ्यासाचा कंटाळा आलाय.

डायरीने पकडलं

आमच्या कॉलेजात होम सायन्सच्या एक मॅडम आहेत. शिबिरात इतकी मुलं बाद झाल्याचं कळल्यावर त्यांनी आम्हाला बोलावून घेतलं. आता लेक्चर मिळणार, हे खा, ते खाऊ नका, अशी आमची तयारी होती. त्यांनी फक्त एक काम दिलं. सात दिवस जे जे खाल, ते आणि त्याचे पैसे लिहा. खोटं लिहायचं नाही, आणि डायरी आहे म्हणून शहाण्यासारखं वागायचं नाही.

मेसचे महिन्याला 3200 जातात, दोन वेळचं जेवण. रविवारी दुपारी फीस्ट, संध्याकाळी मेस बंद. हे सगळ्यांचंच. माझ्या डायरीतली खरी गंमत मेसच्या बाहेर होती. दिवसाला तीन चहा, बारा रुपयांप्रमाणे आठवड्याचे 252. वडापाव किंवा समोसा सहा वेळा, 120. कोल्ड्रिंकच्या दोन बाटल्या, 80. चिप्स-बिस्किटांचे पुडे, 70. रविवार संध्याकाळची ऑर्डर, 160. एकूण 682 रुपये. महिन्याचे झाले पावणेतीन हजार!

म्हणजे मेसला देते जवळपास तेवढेच मी बाहेरही देत होते. 'मला फळं परवडत नाहीत' असं मी आईला फोनवर सांगायचे. ते खोटं नव्हतं, मला तसंच वाटायचं. दहा-वीस रुपये सुटे सुटे गेले की ते खर्च वाटत नाहीत. पन्नास रुपयांची डझनभर केळी मात्र एकदम खर्च वाटतो.

आणि मेसमध्ये तरी काय घेत होते? चार पोळ्या, भात, बटाट्याची भाजी (बटाटा ही तमाम मेसची राष्ट्रीय भाजी आहे), आमटीचा वरवरचा पाणीदार भाग. कोशिंबीर ताटातच राहायची. पोट गच्च, पण ताटात पोळी-भात-बटाटा सोडून दुसरं फारसं काही नाहीच.

शंभर रुपयांचा खेळ

पुढच्या आठवड्यात मॅडमनी आमचे चार गट केले. प्रत्येक गटाला शंभराची एक नोट. "मंडईत, दुकानात, कुठेही जा. एका माणसाचं दिवसभराचं खाणं घेऊन या. तासाभरात परत."

पहिला गट पंधरा मिनिटांतच आला. दोन वडापाव 40, कोल्ड्रिंक 20, नूडल्सचं पाकीट 15, चिप्स 10, बिस्किटं 10. पाच रुपये वाचवल्याचा आनंद वेगळाच. दुसऱ्या गटाने 90 रुपयांचं 'हेल्दी' सँडविच आणलं आणि उरलेल्या दहा रुपयांत दिवस कसा काढायचा यावर वाद घालत बसले. तिसरा गट नुसतीच फळं घेऊन आला.

चौथ्या गटात एक मुलगा होता. त्याचे वडील मंडईत गाळ्यावर काम करतात. त्याच्या गटाने टेबलावर काय मांडलं ते बघा. ज्वारीचं पीठ पाव किलो 15, मूगडाळ साधारण 75 ग्रॅम 10, दोन अंडी 15, मेथीची जुडी 15, कांदा-टोमॅटो 10, दोन केळी 10, मूठभर शेंगदाणे 5, पाव लीटर दूध 15, लिंबू 5. बरोब्बर शंभर. (तेल-मीठ-मसाला घरातला धरलाय. आणि भाव तुमच्या गावात, तुमच्या सीझनला दोन-चार रुपये इकडेतिकडे होणारच.)

मग मॅडमनी फळ्यावर एक ताट काढलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने, म्हणजे एनआयएनने, 2024 मध्ये भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं दिलीत. त्यात 2000 कॅलरींच्या दिवसासाठी अंदाज दिलाय. भाज्या आणि फळं मिळून अर्धा किलो, धान्य 250 ग्रॅम, डाळी किंवा अंडी-मांस-मासे 85 ग्रॅम, दाणे-तेलबिया 35 ग्रॅम, दूध-दही 300 मिली, तेल-तूप 27 ग्रॅम. धान्य-डाळींची वजनं कच्च्या मालाची आहेत, शिजवलेल्याची नाहीत.

चौथ्या गटाचं सामान या ताटाच्या बऱ्यापैकी जवळ जात होतं. प्रोटीनचा हिशेब आम्हीच मांडला. ज्वारीतून 25 ग्रॅम, डाळीतून 16, अंड्यांतून 12, दाण्यांतून 8-9, दुधातून 8. बेरीज सत्तरच्या आसपास. आपल्याला लागतं किती? दर किलो वजनामागे साधारण 0.83 ग्रॅम. म्हणजे 50 किलोच्या मुलीला 42, 65 किलोच्या मुलाला 54. आरामात भागतं. पहिल्या गटाच्या 95 रुपयांत त्याच्या निम्मंही मिळत नव्हतं, आणि फळ-पालेभाजीचा तर पत्ताच नाही.

विशेष म्हणजे चौथ्या गटाच्या यादीत आजीला अनोळखी असं एकही नाव नव्हतं. भाकरी, मेथी, डाळ, दाणे. डाळ आणि धान्य एकत्र खाल्लं की एकाच्या प्रोटीनमधली उणीव दुसरं भरून काढतं. वरण-भात काय, भाकरी-पिठलं काय, थालीपीठ काय, हे गणित आपल्याकडे आधीपासूनच सुटलेलं आहे. आपण फक्त त्याला 'बोअरिंग' म्हणायला लागलो.

दहा ग्रॅम प्रोटीन कितीला?

आमचा जिमवाला मित्र मात्र पेटला. "मॅडम, प्रोटीन पाहिजे तर बार खावा लागतो, पावडर घ्यावी लागते. तेवढे पैसे नाहीत म्हणूनच तर मागे पडतो आम्ही."

मॅडम म्हणाल्या, "मग दुकानात जाऊन भाव काढ. दहा ग्रॅम प्रोटीन कशातून कितीला पडतं ते सांग."

त्याने खरंच काढले. सोयाबीनच्या वड्या 20 ग्रॅम घेतल्या की झालं, साधारण तीन रुपये. शेंगदाणे 40 ग्रॅम, सहा रुपये. तूरडाळ 45 ग्रॅम, सहा रुपये. फुटाणे 50 ग्रॅम, आठ रुपये. अंडी दीड ते पावणेदोन, बारा-तेरा रुपये. दूध 300 मिली, अठरा रुपये. आणि 120 रुपयांच्या, 20 ग्रॅम प्रोटीनच्या बारमधून? साठ रुपये.

यादी वाचून झाल्यावर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे मी रॅपरचे पैसे देत होतो." (शेंगदाण्यांचं मात्र मूठभरावर थांबायचं. त्यात निम्म्याच्या आसपास तेलच असतं.) एनआयएननेही बॉडी कमवण्यासाठी प्रोटीन सप्लिमेंट्स टाळा, असंच सांगितलंय.

"पण शिजवायचं कुठे?"

हा प्रश्न विचारणारी मीच होते. ज्वारीचं पीठ आणि मेथीची जुडी घेऊन मी हॉस्टेलच्या कॉटवर करू काय? आमच्याकडे रूमवर इंडक्शन सापडलं तर दंड आहे. शंभर रुपयांत काय येतं ते कळलं, पण गॅस, कुकर, ओटा आणि वेळ शंभर रुपयांत येत नाही. खाण्याबद्दल सल्ले देणारे बहुतेक लोक स्वतःच्या स्वयंपाकघरातून बोलत असतात, ही माझी जुनी तक्रार आहे.

मॅडमनी ती मान्य केली. "बरोबर आहे. मग गॅसशिवाय काय जमतं त्याची यादी करू." फळा भरला. फुटाणे, शेंगदाणे, भिजवलेले मूग, मोड आलेली मटकी, काकडी, गाजर, टोमॅटो, केळी, पेरू, दही, ताक, घरून आणलेले तिळाचे किंवा अळिवाचे लाडू. भुर्जीच्या गाडीवर उकडलेलं अंडंही मिळतं. रात्री ग्लासभर पाण्यात मूग भिजत घालायला कुठल्याही रेक्टरची परवानगी लागत नाही.

दुसरा उपाय मेसमध्येच होता. मी काकूंना घाबरत घाबरत विचारलं, "काकू, तिसऱ्या पोळीऐवजी आमटीची अजून एक वाटी घेऊ का?"

"घे की बाळा. आमटी रोज उरते, मला पोळ्याच कमी पडतात."

हे मला दोन वर्षांत सुचलं नव्हतं! हिंमत वाढली तशी पालेभाजीचा विषय काढला. त्यावर काकूंनी त्यांचा हिशेब ऐकवला. "पालेभाजी स्वस्त असते गं, पण चाळीस जणांची निवडायला बाई लावावी लागते. तिचा पगार कुठून काढू? तुम्ही पोरं निवडून देणार असाल तर करते."

तेव्हापासून आठवड्यातले दोन दिवस संध्याकाळी आम्ही पाच-सहा जण मेसच्या ओट्यावर मेथी नाहीतर चवळई निवडत बसतो. अर्धा तास जातो. भरपूर गॉसिप होतं. मंगळवारी मेथी, शुक्रवारी मटकीची उसळ, मेसचे पैसे तेवढेच. मेसचं जेवण वाईट असतं असं आपण म्हणतो, तेव्हा त्यातलं किती परवडत नाही म्हणून वाईट आहे आणि किती कुणी विचारलंच नाही म्हणून, हे एकदा तपासून बघायला हरकत नाही.

चहाची वेळ आणि पाकिटाची मागची बाजू

दोन गोष्टी अशा कळल्या, ज्यांना एक पैसाही लागत नाही.

पहिली, चहा. मेसमधून जेवून निघालं की पाय आपोआप अमृततुल्यकडे वळतात. डाळ, पालेभाजी, धान्य यांतलं लोह शरीराला तसंही कमीच मिळतं, त्यात वरून चहा-कॉफी प्यायली की ते आणखी कमी होतं. म्हणून एनआयएन सांगतं, जेवणाआधी आणि नंतर निदान तासभर चहा-कॉफी नको. उलट लिंबू, आवळा, पेरू यांतलं क जीवनसत्त्व तेच लोह शोषून घ्यायला मदत करतं. पेरूत तर ते संत्र्याहून कितीतरी जास्त. म्हणजे आमटीवर लिंबू पिळा आणि चहा साडेतीनला घ्या. चहा सोडायचा नाहीये, फक्त सरकवायचाय. मुलींनी तर हे लक्षात ठेवाच, कारण रोजच्या लोहाची शिफारस मुलांसाठी 19 मिलिग्रॅम आहे आणि आपल्यासाठी 29.

दुसरी, पाकीट उलटं करणं. पुढच्या बाजूला काय छापायचं ते कंपनीचं जाहिरात खातं ठरवतं. मागची बाजू कायद्याने छापावी लागते. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, जे सर्वांत जास्त ते पहिलं. 'मल्टिग्रेन' बिस्किटाच्या यादीत पहिलं नाव 'रिफाइंड व्हीट फ्लोअर' असेल तर तो मैदाच आहे, आणि दुसरं-तिसरं साखर असेल तर उरलेल्या धान्यांचा वाटा तुम्हीच ओळखा. मग साखरेचा आकडा बघा. पाच ग्रॅम म्हणजे साधारण एक चमचा. 100 मिलीला साडेदहा ग्रॅम साखर असलेल्या कोल्ड्रिंकच्या पाव लीटर बाटलीत पाच चमच्यांहून जास्त साखर झाली. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला 25 ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. एका बाटलीत दिवसाचा कोटा खल्लास. 'हेल्थ ड्रिंक' या शब्दाला तर आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात व्याख्याच नाही. एप्रिल 2024 मध्ये केंद्र सरकारने ई-कॉमर्स साइट्सना पेयं त्या नावाच्या विभागातून काढायला सांगितलं, ते त्यामुळेच.

आणखी एक. 'सर्व्हिंग' हा शब्द दिसला की सावध व्हा. कॅलरी कमी दिसतात, कारण सर्व्हिंग चार बिस्किटांचं असतं आणि आपण पुडा संपवतो.

कॅन्टीनचं काय?

सगळं ओझं एकट्या विद्यार्थ्यावर टाकूनही चालणार नाही. यूजीसीने 2016 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये कॉलेजांना कॅम्पसवर जंक फूड विकू नका, असं कळवलं होतं. तुमच्या कॅन्टीनमध्ये आज काय मिळतं ते तुम्हाला माहीतच आहे. आमच्या मते समोशावर बंदी घालून काही होत नाही. समोसा आम्हालाही आवडतो, आणि तो गेटबाहेर मिळतोच. पण समोशाशेजारी त्याच किमतीत उसळ, उकडलेलं अंडं, केळं, ताक दिसायला तर हवं! 'निवड तुमची' म्हणायचं आणि काउंटरवर तळलेल्या चारच गोष्टी ठेवायच्या, ही निवड नाही झाली. आम्ही स्टुडंट कौन्सिलतर्फे अर्ज दिलाय. सध्या केळी आणि ताक सुरू झालंय. उसळीचं 'बघू' म्हणालेत.

हे करून बघा

- सात दिवस खाणं आणि पैसे लिहा. कुणाला दाखवू नका, पण खरं लिहा.
- दर जेवणात स्वतःला विचारा: डाळ-अंडं काही आहे? भाजी-फळ काही आहे? एक तरी नसेल तर ते आधी भरा, पोळी-भात नंतर वाढवा.
- बॅगेत फुटाणे-शेंगदाण्यांचा डबा ठेवा. चार वाजताची भूक तिथेच मिटते.
- सीझनचं फळ घ्या. सर्वांत स्वस्त तेच असतं.
- मेस बंद असलेल्या रविवारसाठी शनिवारीच दही, केळी, मूग आणून ठेवा. भूक लागल्यावर ॲप उघडलं की हिशेब संपला.
- कायम थकवा, चक्कर, धाप असेल तर रीलवरचे उपाय करत बसू नका. हिमोग्लोबिन तपासा, डॉक्टरांना भेटा.

पुन्हा तीच रांग

चार महिन्यांनी पुन्हा शिबिर लागलं. या वेळी टी-शर्टवर फोटोबिटो काढायचं कुणाला सुचलंही नाही. डॉक्टरांच्या गोळ्या मी न चुकता घेतल्या होत्या, त्यामुळे फरक पडला असेल तर त्याचं पहिलं श्रेय गोळ्यांना. पण डॉक्टरच म्हणाले होते, "गोळ्या कधीतरी थांबतील. पुढे टिकवायचं ते ताटातूनच." बाहेरचा खर्च आता आठवड्याला साडेचारशेच्या आसपास असतो, आणि त्यात फळं धरलीयत. वडापाव बंद केलेला नाही. शुक्रवारचा ठरलेला आहे.

योगायोगाने टेबलामागे त्याच ताई होत्या. सुई, थेंब, मशीन.

"सकाळी काय खाल्लंस?"

"दोन केळी, भिजवलेले मूग, लिंबू पिळून."

त्यांनी वर बघितलं. "बारा. अजून अर्धा पॉइंट हवा."

म्हणजे मी पुन्हा बाद! पण जिमवाला मित्र पास झाला. शेजारच्या खाटेवर आडवा पडून, हातात मऊ बॉल दाबत, मला चिडवत होता. बाहेर रक्तदात्यांसाठी बिस्किटं आणि फ्रूटीसारखं काहीतरी ठेवलं होतं. त्याने पाकीट हातात घेतलं, उलटं केलं आणि मागची बाजू वाचायला लागला.

संध्याकाळी आईचा फोन आला. रोजचाच प्रश्न, "जेवलीस का?" पूर्वी मी 'हो' म्हणून विषय संपवायचे. आता ती पुढे विचारते, "काय काय होतं?" आणि मला सांगण्यासारखं काहीतरी असतं.